केंद्रशाळेत एक पाळणा हवा

सहाव्या महिन्यात बाळाचं उष्टावण होतं. मामा मांडीवर घेतो, चांदीच्या वाटीतली खीर ओठांना लावतो, फोटो निघतात. खरं काम सुरू होतं दुसऱ्या दिवसापासून. वरणाचं पाणी, मऊ भात, नाचणीची पेज. एक घास आत, दोन बाहेर. काय मानवतं, कशाने पोट बिघडतं, हे रोज नव्याने कळतं. हिरड्या शिवशिवतात, बाळ माणसं ओळखू लागतं आणि आई नजरेआड झाली की आकांत मांडतं. नेमक्या याच दिवसांत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेची प्रसूती रजा संपते. रजा १८० दिवसांची. त्यातले काही दिवस बाळंतपणाच्या आधीच खर्ची पडले असतील, तर रुजू होण्याच्या दिवशी बाळ जेमतेम पाच महिन्यांचं असतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या आणि पुढे दोन वर्षांपर्यंत वरच्या अन्नासोबत ते चालू ठेवा. आता शिक्षिकेच्या घड्याळात हा सल्ला बसवून पाहावा. बहुतेक शाळा दहा-साडेदहाला भरतात आणि पाचच्या सुमाराला सुटतात. जाण्यायेण्याचा तास-दीड तास धरला तर आई साडेसात ते साडेआठ तास बाळापासून दूर असते. काढून ठेवलेलं दूध साध्या खोलीत, तेही तापमान २५ अंशांपर्यंत असेल तर, साधारण चार तास टिकतं. मार्चनंतर विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणत्या घरात २५ अंश तापमान असतं? घरी फ्रिज असेल, तर बाळाची सोय होते. शाळेत मात्र दुपारच्या सुट्टीत शिक्षिका पोषण आहाराच्या कोठीत जाते, दार लावून घेते, तांदळाच्या पोत्यांच्या आडोशाला उभी राहून दाटलेलं दूध पिळून टाकते आणि तोंड धुऊन पुन्हा दुसरीच्या वर्गावर येते.

हे सगळं होतं, तरी महाराष्ट्रात शिक्षिकेची नोकरी ही बाईसाठी सर्वांत सोयीची नोकरी मानली जाते. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगी शिक्षिका आहे’ हे वाक्य ज्या समाधानाने उच्चारलं जातं, त्यामागे एक हिशोब असतो. रविवारची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, मे महिना मोकळा, संध्याकाळी घरी. म्हणजे नोकरीही झाली आणि घरही झालं. या समजुतीने शिक्षिकांचं फार मोठं नुकसान केलं आहे. नोकरी मुळातच सोयीची आहे असं एकदा सर्वांनी धरून चाललं, की सोय करायचं कोणाच्या मनातच येत नाही. बँकेत, कारखान्यात, आयटी कंपनीत पाळणाघर असावं, हे आता पटू लागलं आहे. शाळेत पाळणाघर, ही कल्पना मात्र अजूनही कानाला विचित्र वाटते. शाळा ही मुलांचीच जागा असूनही.

देशातल्या शिक्षकांची संख्या आता एक कोटीच्या वर गेली आहे. शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ या नोंदणीनुसार २०२४-२५ मध्ये त्यांतल्या ५४ टक्के महिला होत्या. ज्या व्यवसायात निम्म्याहून अधिक बायका आहेत, त्या व्यवसायाची रचना आजही घरी दुसरं कोणीतरी मूल सांभाळतं आहे, असं गृहीत धरूनच केलेली आहे.

घरी सांभाळणारं कोण असतं, हेही मोजलं गेलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ या वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांच्या संगोपनात-शुश्रूषेत सहभागी होत्या आणि त्या दिवसाला सरासरी १४० मिनिटं त्यासाठी देत होत्या. पुरुषांपैकी २१.४ टक्के हे काम करत होते, सरासरी ७४ मिनिटं. यात स्वयंपाक, धुणं-भांडी, झाडलोट धरलेली नाही. त्यांचा हिशोब वेगळा आणि तोही बाईच्याच खात्यावर.

सोयीच्या या नोकरीत दिवसभरात काय काय असतं, ते जरा जवळून पाहायला हवं. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या कायद्याने, तयारीच्या वेळेसह आठवड्याला किमान ४५ तास काम ठरवून दिलं आहे. वर्षाला पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस. हे झालं शिकवण्याचं. त्यानंतर ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीवरची माहिती, ‘यूडायस’चे रकाने, पोषण आहाराची रोजची नोंद, प्रशिक्षणाचे ऑनलाइन तास, शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद, आणि या सगळ्यावर दिवसरात्र वाजत राहणारा व्हॉट्सअॅपचा गट. ‘आजच, तत्काळ, अर्ध्या तासात माहिती पाठवा’ असा निरोप रात्री साडेआठला येतो, तेव्हा शिक्षिकेच्या एका हातात वरणभाताची वाटी असते. पाच वाजता शाळा सुटते, हे खरं. शाळेचं काम पाच वाजता सुटत नाही.

शिवाय राष्ट्रीय कामं. शिक्षण हक्क कायद्याचंच कलम २७ शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं देऊ नका असं म्हणतं आणि लगेच तीन अपवाद सांगतं: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. २०२४ मध्ये महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे अशा पाच टप्प्यांत लोकसभेचं मतदान झालं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं. दोन्हीचं प्रशिक्षण, दोन्हीची तयारी, मतदानाच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत साहित्य जमा करणं. तान्ह्या मुलाच्या आईने सूट मागायची तर अर्ज करायचा, डॉक्टरांचा नाही तर रुग्णालयाचा दाखला जोडायचा आणि तहसील कचेरीत बाळाला कडेवर घेऊन रांगेत उभं राहायचं. आता जनगणना आली आहे. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६, प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७. दारोदार जाणाऱ्या प्रगणकांत प्राथमिक शिक्षकांचा भरणा मोठा असतो. या कामाचं महत्त्व कोणी नाकारत नाही. पण आदेश काढताना कर्मचाऱ्याचं नाव, पद आणि मोबाइल क्रमांक विचारला जातो. घरात सहा महिन्यांचं मूल आहे का, हा रकाना त्या तक्त्यात नसतो.

यात गेल्या वर्षी परीक्षेची भर पडली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असा निकाल दिला. राज्यात ही परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली. त्याआधी नोकरीला लागलेल्या आणि आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या किती तरी शिक्षिकांच्या घरी लहान मुलं आहेत. गुणवत्तेची अट चुकीची नाही. पण मूल झोपल्यावर रात्री अकराला बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडणारी ही बाई दिवसभर त्याच विषयाचं प्रात्यक्षिक करत असते, आणि अभ्यासासाठी तिला वेगळा एक तासही कोणी दिलेला नाही.

कायद्याने काहीच केलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, असंही त्यात आलं. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी मिळण्याची तरतूद तर जुनीच होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरतुदी तशाच राहिल्या. चांगल्या तरतुदी आहेत.

पण ५० हा आकडा जरा थांबून पाहावा. कारखाना डोळ्यांसमोर ठेवून तो ठरवला गेला. एका छपराखाली पन्नास माणसं काम करतात, अशी कल्पना त्यामागे आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यातली प्राथमिक शाळा कशी असते? शिक्षण हक्क कायद्याच्याच परिशिष्टानुसार ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक. राज्यभर वाड्या-पाड्यांवर अशा द्विशिक्षकी शाळा पसरलेल्या आहेत. पन्नासचा उंबरठा ही शाळा कधीच ओलांडणार नाही. जिल्हा परिषद हा हजारो शिक्षकांचा एकच मालक आहे, पण कामाची जागा मोजायची वेळ आली की ती दोन-दोन माणसांत विखुरते. मालक एवढा मोठा आणि कामाची जागा एवढी लहान, असं दुसऱ्या कोणत्या नोकरीत फारसं दिसत नाही. शिक्षिकेच्या अडचणीचं मूळ इथे आहे. पाळणाघर नाही, बदली शिक्षक नाही, आडोशाची खोली नाही, या सगळ्यांचं उत्तर एकच येतं: तुमच्या शाळेत माणसंच दोन.

याच दोन माणसांमुळे मिळालेली रजाही हातात पडत नाही. राज्य सरकारने २३ जुलै २०१८ रोजी महिला कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा लागू केली. पहिल्या दोन अपत्यांसाठी, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना हीच रजा ७३० दिवस मिळते, हा फरक लक्षात ठेवावा. तरी १८० दिवस हे काही थोडे नाहीत. पण ‘रजा हक्क म्हणून मागता येत नाही’ हे वाक्य रजा नियमांत आहेच. मुलाला गोवर आला म्हणून शिक्षिकेने पंधरा दिवस मागितले, तर उरलेल्या एका शिक्षकाने पहिली ते चौथीचे चार वर्ग, पोषण आहार आणि सगळी माहिती एकट्याने सांभाळायची. कधी शेजारच्या गावातून कोणाला तरी ‘कामगिरीवर’ पाठवलं जातं, म्हणजे ती शाळा एकशिक्षकी होते. अशा वेळी रजा मागणाऱ्या बाईला सहकाऱ्याच्या तोंडाकडे पाहून अपराधी वाटतं. कित्येक जणी अर्ज लिहितात आणि पर्समध्येच ठेवून देतात. रजेचं कागदावरचं मोजमाप आणि प्रत्यक्ष घेतलेली रजा यांत जे अंतर पडतं, ते असं.

बालसंगोपन रजेच्या या शासन निर्णयातली आणखी एक गोष्ट खटकते. पुरुष कर्मचाऱ्याला ही रजा मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच. पत्नी धडधाकट आहे आणि तीही नोकरी करते, तर बापाने मुलाच्या आजारपणात घरी थांबण्याचा प्रश्नच येत नाही, असं सरकारनेच लेखी सांगितल्यासारखं झालं. राज्यात पती-पत्नी दोघंही शिक्षक असलेली घरं पुष्कळ आहेत. इतकी, की जिल्हा परिषदेच्या बदली धोरणात पती-पत्नी एकत्रीकरण हा स्वतंत्र संवर्गच आहे आणि दोघांच्या शाळांमधलं अंतर ३० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर त्याचा लाभ मिळतो. त्या दोघांनी आळीपाळीने आठ-आठ दिवस रजा घेतली असती, तर दोन्ही शाळांवरचा ताण निम्मा झाला असता आणि बापालाही आपल्या मुलाला ताप उतरल्यावर घाम कसा येतो ते कळलं असतं.

रजेवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जे खटले गेले, त्यांत शिक्षिका आहेत हा योगायोग नाही. हिमाचल प्रदेशातल्या नालागढच्या सरकारी महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या एका सहायक प्राध्यापिकेच्या मुलाला हाडं ठिसूळ करणारा दुर्मीळ आनुवंशिक आजार होता. शस्त्रक्रिया आणि उपचार यांत तिची सारी रजा संपली. राज्याने बालसंगोपन रजेची केंद्राची तरतूद स्वीकारलेली नव्हती, म्हणून ती नाकारली गेली. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नोकरीतला स्त्रियांचा सहभाग हा कोणी बहाल केलेला विशेषाधिकार नाही, तो संविधानाने दिलेला हक्क आहे. आणि राज्याला धोरणाचा फेरविचार करण्यासाठी समिती नेमायला लावली. पुढच्याच वर्षी, २३ मे २०२५ रोजी, तमिळनाडूतल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेचा निकाल लागला. पहिल्या विवाहातली दोन मुलं पूर्वीच्या पतीच्या ताब्यात होती, दुसऱ्या विवाहानंतरच्या बाळंतपणासाठी तिला दोन अपत्यांची मर्यादा दाखवून रजा नाकारण्यात आली होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या पीठाने प्रसूती रजा ही स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांचा भाग असल्याचं सांगत ती मिळवून दिली. दोन्ही निकाल मोलाचे आहेत. पण दिल्लीपर्यंत जाण्याचं बळ, पैसा आणि वेळ किती जणींकडे असतो? आणि तोवर मूल थांबत नाही, ते वाढत असतं.

ज्यांची नोकरीच पक्की नाही, त्यांचं काय? शिक्षण सेवक म्हणून पहिली तीन वर्षं काढणाऱ्या प्राथमिक शिक्षिकेला महिन्याला १६ हजार रुपये मानधन मिळतं. २०२३ पर्यंत ते सहा हजार होतं. ही तीन वर्षं बहुधा लग्नाची आणि पहिल्या बाळंतपणाची असतात. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचा तास झाला तर पैसे; बाळंतपणात तास होत नाहीत. लहानमोठ्या शहरांतल्या खासगी इंग्रजी शाळांत शिकवणाऱ्या कित्येक जणी पोट दिसू लागलं की राजीनामा देतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पहिल्या पगारावर सुरुवात करतात. केरळने २०२० मध्ये खासगी शिक्षणसंस्थांतल्या शिक्षिका आणि कर्मचाऱ्यांना मातृत्व लाभाच्या कक्षेत आणलं. महाराष्ट्राला त्या वेळी तसं काही सुचलं नाही, याची खंत वाटायला हवी.

महाराष्ट्राला तर हे सर्वांत आधी सुचायला हवं होतं. ताराबाई मोडक, पतीपासून विभक्त झाल्यावर एका मुलीला वाढवत शिक्षणाचं काम करणाऱ्या बाई. त्यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला (आज तो भाग पालघर जिल्ह्यात आहे) ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा या दोघींनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ही कल्पना तिथली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांच्या लक्षात आलं, की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. त्या रचनेचं नाव विकासवाडी. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. कोणाला कोणासाठी घरी बसावं लागू नये, इतका साधा विचार. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिने अंगणवाडी हे नाव देशभर नेलं. पाळणाघर मात्र वाटेत गळून पडलं.

ते पुन्हा जोडता येईल, आणि त्यासाठी नवी योजनाही लागणार नाही. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’त २०२२ पासून ‘पाळणा’ नावाची योजना आहे. वय सहा महिने ते सहा वर्षं. महिन्याचे २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, एक पाळणाघर सेविका आणि एक मदतनीस. आई नोकरी करते की मजुरी की काहीच नाही, ही अट नाही. देशभरात अशी १७ हजार केंद्रं सुरू करण्याचं उद्दिष्ट आहे. हे आकडे शिक्षिकेच्या दिवसाशेजारी ठेवून पाहावेत. रजा सहा महिन्यांनी संपते, ‘पाळणा’ सहा महिन्यांपासून सुरू होतो. शाळा साडेसहा-सात तासांची, ‘पाळणा’ साडेसात तासांचा. दोन वेगळ्या खात्यांनी एकमेकांना न विचारता केलेले नियम इतके नेमके जुळतात, आणि तरीही गावात ते एकमेकांना भेटत नाहीत, कारण एक फाइल शिक्षण विभागात असते आणि दुसरी महिला व बालविकास विभागात.

प्रत्येक द्विशिक्षकी शाळेत पाळणाघर काढा, असं कोणी म्हणणार नाही. ते होणारही नाही. पण राज्याच्या प्राथमिक शिक्षणात केंद्र नावाचा एक टप्पा आहे. दहा-बारा शाळांचं एक केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख, आणि राज्यभर अशी चार हजार आठशेच्या आसपास केंद्रं. एका केंद्रात सगळ्या शाळांचे मिळून शिक्षक मोजले, तर संख्या चाळीस-पन्नासच्या घरात जाते. कायद्याचा पन्नासचा आकडा शाळेऐवजी केंद्रावर लावावा, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. केंद्रशाळेचं आवार बहुतेकदा मोठं असतं, तिथे किंवा लगत अंगणवाडी असते, पट घटल्याने एखादा वर्ग रिकामाही असतो. अशा एका ठिकाणी ‘पाळणा’ सुरू करावा. आणि ज्या शिक्षिकेचं मूल सहा महिने ते तीन वर्षांचं आहे, तिला तेवढ्या काळापुरतं त्या शाळेवर किंवा तिच्या जवळच्या शाळेवर काम द्यावं. ‘कामगिरी’ नावाची जी व्यवस्था आज पोकळी भरण्यासाठी वापरली जाते, तीच इथे आधीपासून ठरवून वापरता येईल. सुरगाणा, धडगाव, भामरागडसारख्या तालुक्यांत, जिथे दोन गावांच्या मध्ये घाट आणि नदी आहे, तिथे केंद्र हा मापदंडही मोठा पडेल. तिथे शिक्षिका राहते त्या गावच्या अंगणवाडीचाच विचार करावा लागेल. शिक्षकांनी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच राहावं, असा आग्रह विधानसभेत जोरजोरात धरला गेला आहे. तान्ह्या मुलाला घेऊन मुख्यालयी राहायचं तर त्या गावात मूल सुरक्षित ठेवायची एक जागा हवी, हे त्या चर्चेत फार कोणी बोललं नाही.

हे काम अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर मात्र टाकू नये. तिच्याकडे आधीच पोषण आहार, वजन-उंची, मोबाइलवरच्या नोंदी, लसीकरणाची आठवण आणि वर सर्वेक्षणं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका आणि मदतनीस मानधनवाढीसाठी संपावर गेल्या होत्या. एका बाईची सोय दुसऱ्या बाईच्या फुकट कामावर उभी करायची असेल, तर ती न केलेली बरी. पाळणाघरासाठी वेगळी माणसं, वेगळं मानधन, प्रशिक्षण. कर्नाटकाने २०२३ मध्ये ‘कूसिना मने’ म्हणजे बाळाचं घर या नावाने ग्रामपंचायतींच्या पातळीवर पाळणाघरं उभारायला घेतली. तिथे रोजगार हमीवरच्या बायकांची तीन वर्षांपर्यंतची मुलं सांभाळली जातात. रोजगार हमी योजनेची जन्मभूमी महाराष्ट्र, त्यामुळे हे उदाहरण इथे परकं वाटायचं कारण नाही. शिक्षिकेच्या मुलाशेजारी कांदा काढायला गेलेल्या मजूर बाईचं मूल झोपलेलं असेल, तर त्यात दोघींचाही फायदा आहे. आणि पाचवीतली जी मुलगी आज धाकट्या भावासाठी आठवड्यातून दोन दिवस घरी राहते, ती वर्गात दिसेल.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. बाई मूल घेऊन शाळेत येतात, निम्मा वेळ त्यालाच सांभाळतात, मग आमच्या पोरांना शिकवणार कोण? ग्रामसभेत हे विचारणारा पालक चुकीचं बोलत नाही. त्याच्या मुलाला वर्गात पूर्ण लक्ष देणारी शिक्षिका मिळण्याचा हक्क आहे. टेबलाखाली गोधडीवर झोपवलेलं मूल कधी उठेल, या धास्तीत शिकवणारी बाई त्या वर्गाची पूर्ण नसते आणि आपल्या मुलाचीही नसते. म्हणूनच तर पाळणाघर हवं. शाळेत मूल आणू नका, असा तोंडी आदेश देऊन अधिकारी मोकळे होतात. मूल ठेवायचं कुठे, ते सांगत नाहीत. मग ते शेजारच्या काकूंकडे, सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांवर, किंवा दोनशे किलोमीटरवरच्या आजोळी जातं आणि आईला दर शनिवारी एसटीने भेटतं.

महाराष्ट्राने सार्वजनिक ठिकाणच्या स्तनपान कक्षांना हिरकणीचं नाव दिलं आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरून गेलेली ती गवळण. शिवाजी महाराजांनी तिचा सन्मान केला, त्या जागी बुरूज बांधला, असं परंपरा सांगते. बुरुजाने कडा बंद झाला, गड सुरक्षित झाला. दूध विकायला येणाऱ्या बाईच्या बाळाची गडावर काय सोय झाली, याविषयी कथा गप्प आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष उभा राहिला. आमदार बाई बाळ घेऊन दारात उभी राहिली की खोली मिळते, हे त्यातून कळलं. धडगावची शिक्षिका बाळ घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली, तर तिला नोटीस मिळण्याची शक्यता जास्त.

सरकारला लहान मुलांचा विचार करता येत नाही, असंही नाही. ८ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं, का तर मुलांची झोप पुरी होत नाही. चांगला निर्णय. त्याच आस्थेने त्या वर्गांसमोर उभ्या राहणाऱ्या बाईच्या मुलाच्या झोपेचा, दुधाचा आणि तापाचा विचार व्हायला कोणती अडचण आहे?

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. जनगणनेच्या आणि निवडणुकीच्या तक्त्यात दोन वर्षांखालच्या मुलाच्या आईसाठी एक रकाना, म्हणजे तिला अर्ज घेऊन रांगेत उभं राहावं लागणार नाही. शाळा सुटल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गटावर माहिती मागायची नाही, असा गटशिक्षणाधिकाऱ्यांचा एका ओळीचा आदेश. बालसंगोपन रजेतली पुरुषांवरची अट काढणं. आणि केंद्रनिहाय यादी. प्रसूती रजेवर गेलेल्या प्रत्येक शिक्षिकेच्या सेवापुस्तकात रजा सुरू झाल्याची आणि संपण्याची तारीख लिहिलेली असते. ती सेवापुस्तकं पंचायत समितीच्या कपाटात आहेत. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा कोणत्या केंद्रात सहा महिन्यांची किती बाळं असतील, हे तिथला लिपिक एका दुपारी काढून देऊ शकेल.